काळी चारचा सा

2021 च्या नोव्हेंबरात माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आठवड्याभरात मी घरी आले, दोन महिन्यांत बोलण्याचा आवाज पूर्ववत झाला. गाण्याचा झाला नाही. डॉक्टरांनी तशी कल्पना आधीच दिली होती. थायरॉइडच्या वरच्या टोकाला लागून एक बारीक नस जाते, स्वर वर चढवताना स्वरतंतू ताणायचं काम तिच्याकडे असतं. तिला धक्का पोहोचला तर बोलणं-चालणं सगळं नीट राहतं, फक्त वरचे स्वर जातात. माझे गेले. मध्यमापर्यंत कसंबसं जमतं, पंचमाला आवाज फाटतो आणि त्याच्या वर नुसती हवा येते.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत मी वीस वर्षं बायकांच्या भजनात गात होते. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा माझा सा. पेटीवाल्या काकांना मला विचारावं लागत नसे, मी बसले की त्यांचं बोट आपोआप तिथे जायचं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या चतुर्थीत मी झांजा घेऊन मागे बसले. लोकांनी खूप सांभाळून घेतलं, आणि तेच मला जड गेलं.

घरात पेटी होती. सगळे म्हणाले, पेटी शिक. वर्षभर शिकलेही. पण पेटीत एक स्वर संपतो आणि दुसरा सुरू होतो. गळ्यातून गंधारावरून पंचमाकडे जाताना मधली जी सगळी वाट लागते, ती पेटीत नाहीच. सतारीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आहे, पण छेडलेला स्वर लगेच विझायला लागतो. मला हवा होता गळ्यासारखा स्वर, दम आहे तोवर टिकणारा, मधेच फुगवता येणारा, बारीक करता येणारा. तसा स्वर गजाने, म्हणजे तारांवर ओढायच्या केस ताणलेल्या काठीने, वाजणाऱ्या वाद्यात मिळतो. गज म्हणजे त्या वाद्याचा श्वास. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं कुठलं वाद्य घ्यायचं, हे ठरवण्यात पुढचे आठ महिने गेले. ते आठ महिनेच इथे लिहायचे आहेत.

माझं मन पहिल्यापासून सारंगीवर होतं. माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळचं वाद्य सारंगी, असं जुनेजाणते म्हणतात, आणि ऐकताना ते खोटं वाटत नाही. पंडित रामनारायण यांची सारंगी मी रात्री काम आटोपल्यावर मोबाइलवर ऐकत असे. गायकाच्या मागे बसणाऱ्या सारंगीला त्यांनी एकटीला मंचाच्या मध्यभागी बसवलं. माझी ही शोधाशोध चालू असतानाच, 2024 च्या नोव्हेंबरात ते गेले.

आईला मात्र सारंगी हे नावही घरात नको होतं. 1984 साली इंदिरा गांधी गेल्या तेव्हा रेडिओवर दिवसच्या दिवस रडवे सूर चालू होते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, मलाही ते अंधुक आठवतं. आईच्या डोक्यात सारंगीची गाठ कायमची त्या दिवसांशी बसली आहे.

"ता मरणाचा वाद्य गो," ती म्हणाली. "मोठो माणूस गेलो काय रेडिओवर ताच वाजता. घरात कित्याक हाडतंस?"

मी वाद घातला नाही. आईच्या पिढीतल्या पुष्कळांना सारंगी तेवढीच माहीत आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एवढ्या श्रीमंत वाद्याची ओळख फक्त दुखवट्यापुरती राहावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

2024 च्या मे महिन्यात काजूचं काम उरकलं आणि मी मिरजेला गेले. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, आंबोलीचा घाट, कोल्हापूर आणि पुढे मिरज. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं होतं. गल्लीत शिरल्या शिरल्या दारादारांत वाळत घातलेले भोपळे दिसले. सारंगी ही तिथली मुख्य गोष्ट नाही, पण एका कारागिराकडे दुरुस्तीला आलेली एक सारंगी आणि एक दिलरुबा होता. ओळखीतून ओळख काढून मी त्यांच्यापर्यंत पोहोचले होते.

सारंगी हातात घेतली आणि पहिल्यांदा जाणवलं ते तिचं वजन. तुणाच्या लाकडाचा एकच ठोकळा, आतून कोरून काढलेला. पुढे पोटावर बकऱ्याचं कातडं. मुख्य तारा तीनच, त्याही तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, पण त्यांच्या खाली छत्तीस-सदतीस तरफा. वरची तार सुरात लागली की खालची तीच तार आपोआप घुमायला लागते. कारागिरांनी गज एकदाच ओढला आणि त्या छोट्या खोलीत आवाज कितीतरी वेळ तरंगत राहिला. माझ्या अंगावर काटा आला.

मग त्यांनी मला डावा हात लावायला सांगितला. सारंगीची तार बोटाच्या टोकाने दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी नखाला चिकटते, ती जागा तारेला बाजूने टेकवतात आणि तशीच वर-खाली सरकवतात. बोट सरकावं म्हणून पावडर लावतात. मी बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

कारण काजू. आमचं छोटं काजू फोडायचं युनिट आहे. मी, आई आणि गावातल्या सहा बायका. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. हातमोजे घालतो, खोबरेल तेल चोपडतो, तरी मार्च ते मे बोटं काळी पडतात आणि नखाच्या मुळाशी सालपटं निघतात. अगदी तीच जागा, जिथे सारंगीची तार टेकवायची. कारागिरांनी माझा हात उजेडात धरून नीट बघितला. म्हणाले, "सारंगीवाल्यांच्या नखांनाही घट्टे पडतात, ते चालतं. पण ही जखम आहे. दरवर्षी तीन महिने अशी राहणार असेल तर तुम्ही वाद्य हातात धरणार कधी?" विकणाऱ्या माणसाने एवढं स्पष्ट सांगावं, हे मी विसरणार नाही.

दिलरुब्याकडे वळले. खालचं पोट सारंगीसारखं, वरची दांडी सतारीसारखी, आणि दांडीवर दोऱ्याने बांधलेले धातूचे पडदे. बंगालमधला इसराज हा त्याचाच भाऊबंद, आणि गुरुद्वारातल्या कीर्तनात दिलरुबा आजही साथीला असतो. तारा पोलादी, दाबायला बोटांची टोकं चालतात, आणि पडदे असल्यामुळे स्वर कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. पन्नाशीला आलेल्या शिकाऊ माणसाला हा केवढा आधार! मी अर्ध्या तासात सा रे ग म ओळखू येईल इतपत वाजवला. त्या एका दुपारी माझं जवळजवळ ठरलं होतं. किंमत वीस हजारांच्या आसपास सांगितली, सारंगी त्याच्या दुप्पट.

विचार करून कळवते म्हणून परत आले, आणि तो विचार मोडला आमच्या शेजारगावच्या मृदंगवाल्यांनी. ते दशावताराच्या कंपनीत मृदंग वाजवतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्र-रात्र त्यांचा हात चालू असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या पडवीत बसून दिलरुब्याबद्दल भरभरून सांगत होते. पाऊस नुकताच लागला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेल्या मृदंगाकडे बोट केलं.

"बाये, मिरग लागलो काय मी ह्येका बांधून ठेवतंय. तुळशीचा लगीन झाल्याशिवाय सोडीत नाय. पावसात कातडा उतरता, कितीय ओढ, सूर धरूचा नाय. तुझ्या वाद्याक कातडा आसा मा?"

होतं. सारंगीलाही होतं आणि दिलरुब्यालाही. कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं, त्यावर उभी असलेली, तारा पेलणारी घोडी खाली बसते, आणि घोडी बसली की सगळ्याच तारांचा सूर ढळतो. कोरड्या मुलखात हे सांभाळता येतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना घाम फुटलेला असतो, मिठाची बरणी पाण्याने भरते, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. त्यातून दिलरुब्याच्या पोलादी तारा आणि खाली तरफांची आख्खी रांग. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्या गंजणार, आणि बदलायच्या तर दर वेळी मिरज. काजूमुळे उन्हाळा जातो, कातड्यामुळे पावसाळा. मग शिकणार केव्हा?

वाद्य निवडताना लोक आवाज बघतात, किंमत बघतात. ते वाद्य तुमच्या घरात जुलै महिन्यात कसं राहील, हे कोकणात राहणाऱ्याने तितक्याच गांभीर्याने विचारावं, असं माझं ठाम मत झालं ते त्या पडवीत.

मग उरली पूर्ण लाकडी वाद्यं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोर्तुगीज काळापासून व्हायोलिन शिकवत आले आहेत, आणि मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक किती होते हे सर्वांना ठाऊक आहे. चतुर्थी झाल्यावर एका शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, मी म्हापशाला गेले. शिरोडा, आरोंद्याचा पूल, पुढे पेडणे तालुका. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर ज्या गावाचं नाव लावत, ते पार्से याच तालुक्यातलं. मनात आलं, व्हायोलिनवर मराठी माणूस एकेकाळी इतका वेडावला तो या मातीतल्या वादकामुळे, आणि मी इतकी वर्षं इथून नुसती मासळी-भाजीला ये-जा करत होते.

म्हापशाजवळ एक वयस्क शिक्षक घरी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन आणि चेलो शिकवतात. त्यांनी चेलो आधी ऐकवला. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून, खालची खीळ जमिनीत रोवून. सगळ्यात जाड तारेवर गज फिरला तेव्हा तो आवाज कानाआधी मला छातीत जाणवला. माझ्याकडे मोठं घर, गाडी आणि जवळपास शिकवणारा माणूस असता तर मी चेलोच घेतला असता, हे आजही कबूल करते. पण चार फुटांचं ते वाद्य एसटीतून न्यायचं कसं, आणि त्यावर यमन, भूप, भजनं शिकवणार कोण? व्हायोलापाशी मी फार थांबले नाही. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाज खालचा आणि मऊ, पण माझ्या बोटांना ताण पडत होता आणि शिकवणाऱ्याचा प्रश्न तोच.

व्हायोलिन त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवलं आणि हनुवटी टेकायला सांगितली. मी मान वळवली. ऑपरेशनची खूण गळ्याच्या अगदी खाली, हाडाच्या वर आहे. व्हायोलिनची कड हाडावर बसली आणि हनुवटीने दाबल्याबरोबर ती सगळी जागा ओढली गेली. दुखलं म्हणण्यापेक्षा भीती वाटली. डोळ्यांत पाणी आलं. शिक्षकांनी काही न विचारता वाद्य काढून घेतलं, चहा मागवला, आणि चहा पिता पिता म्हणाले की तुम्ही हिंदुस्थानी वाजवणाऱ्यांकडे जा, ते हनुवटी लावत नाहीत.

मला ते डोळ्यांनी माहीत होतं, पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम, सगळ्यांची बैठक जमिनीवर मांडी घालून. उजवा पाय थोडा पुढे, त्याच्या घोट्यावर व्हायोलिनचं गुंडाळीदार टोक, आणि दुसरं टोक छातीला, डाव्या खांद्याला टेकलेलं. दोन्हीकडून आधार मिळाला की डावा हात मोकळा होतो आणि वर-खाली लांब घसरू शकतो. मींड त्यातून येते. व्हायोलिन युरोपातून आलं, कर्नाटक संगीतात ते बाळुस्वामी दीक्षितारांनी आणलं असं मानतात, पण ते आपलं झालं ते असं जमिनीवर बसल्यावर.

सावंतवाडीला एक निवृत्त संगीतशिक्षक आहेत. त्यांच्याकडे मी दिवाळीनंतर गेले. तोवर मी थकले होते. एवढी वाद्यं बघितली, प्रत्येकात काहीतरी आडवं आलं. गुरुजींनी माझी सगळी कथा ऐकली, मग एकच विचारलं, "गात होतात तेव्हा पट्टी कुठली?"

"काळी चार."

ते हसले आणि स्वतःचं व्हायोलिन काढलं. म्हणाले, "हे बघा." व्हायोलिनच्या चार तारा पाश्चात्त्य पद्धतीत जिथे लावतात त्यातली सर्वांत खालची असते पांढरी पाचवर. ती त्यांनी अर्धा स्वर चढवली. काळी चार. दुसरीही अर्धा स्वर चढवली, तो पंचम झाला. तिसरी अर्धा स्वर उतरवली, वरचा षड्ज. चौथी अर्धा स्वर उतरवली, वरचा पंचम. सा-प-सा-प. प्रत्येक खुंटी जेमतेम कणभर फिरली होती. "बायकांच्या काळी चारला हे वाद्य मुद्दाम बनवल्यासारखं बसतं," ते म्हणाले. "पुष्कळ जण याहून वरच्या पट्टीत प-सा-प-सा लावतात. तुम्ही असं लावा. खालच्या सापासून वरच्या सप्तकाच्याही पलीकडे जागा आहे."

मग त्यांनी गज खालच्या मोकळ्या तारेवर ठेवला आणि संथपणे ओढला.

तो माझा सा होता. चतुर्थीच्या रात्री बारा वाजता गणपतीसमोर पहिला आलाप घेताना जो लावायची, तोच, त्याच उंचीवर. ऑपरेशननंतर तीन वर्षं मी मोबाइलवरचा तानपुरा काळी चारवर लावला नव्हता. ऐकवत नसे. गुरुजी सापासून हळूहळू वर गेले, मध्यम, पंचम, आणि पंचमावर काही फाटलं नाही, तसेच पुढे धैवत, निषाद, तार षड्ज. माझं ठरलं.

डिसेंबरात नऊ हजारांचं शिकाऊ व्हायोलिन घेतलं. पहिल्या दिवशी गज ओढला तर आवाजच नाही. घाबरून फोन केला. गुरुजी म्हणाले, राळ लावलीत का? लावली होती, पण नवी राळेची वडी काचेसारखी गुळगुळीत असते, गजाच्या केसांना ती लागतच नाही. आधी सँडपेपरने तिचा वरचा थर खरवडायचा, मग भुकटी सुटते. केस घोड्याचे असतात, तारेला धरतात ते या राळेमुळेच. राळ लागली आणि आवाज निघाला. पहिले दोन महिने तो दरवाजाच्या बिजागरीसारखा होता. आईने कधीच तक्रार केली नाही. व्हायोलिन रेडिओवर भावगीतांत ऐकलेलं, त्यामुळे ते तिच्या लेखी शुभ.

यंदाचा पावसाळा हीच खरी परीक्षा होती. जूनमध्ये गजाचे केस ओलाव्याने लांबले, मळसूत्र शेवटपर्यंत फिरवलं तरी सैलच. खुंट्या फुगून घट्ट बसल्या, पेन्सिलीच्या शिशाची पूड लावून सोडवाव्या लागल्या. जुलैत एके दिवशी तिसऱ्या तारेवर काहीतरी बारीक भणभणायला लागलं. बघते तर खालच्या बाजूला पाठीचा सांधा कागद जाईल एवढा उकलला होता. मी हादरले, पण गुरुजी शांत होते. हे वाद्य मुद्दाम अशा सरसाने चिकटवतात की हवामानाचा ताण आला तर सांधा सुटावा, लाकूड तडकू नये. त्यांनी तो सांधा साफ करून पुन्हा चिकटवला, दोन दिवस पकडीत ठेवला. आता व्हायोलिनच्या पेटीत पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवते, दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून त्या कोरड्या करते, आणि वाद्य झालं की फडक्याने तारा पुसल्याशिवाय झाकण लावत नाही. चार तारा पुसायला अर्धा मिनिट लागतो. सदतीस तरफा असत्या तर काय केलं असतं, हा विचार रोज मनात येतो.

काजूच्या दिवसांतही रियाज थांबला नाही. बोटांच्या टोकांची कातडी जाड झाली आहे, तिथे तेल फारसं चरत नाही. मींड घेताना बोट सरकावं म्हणून तसंही खोबरेल लावावंच लागतं. एका वाटीत दोन्ही कामं होतात.

सकाळी पाच ते सहा, पडवीत. अजून फक्त लांब गज. एक सा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधे न थरथरता. सुरुवातीला मोजून चार सेकंद टिकायचा, आता बारा टिकतो. सापासून मध्यमापर्यंत बोटं फिरतात. पंचम वरच्या मोकळ्या तारेवर आयताच मिळतो, पण गुरुजी म्हणतात, तो खालच्याच तारेवर बोट घसरवत नेऊन शोधायचा, गळ्याने शोधत होतात तसा. गेल्या मंगळवारपासून तो शोधायला घेतला आहे.